नंदाखालचे लोपीस

सेसिल : “...तो गोरा घरमालक मला म्हणाला, सॉरी, जागा आत्ताच गेली. तेव्हा माझ्या पाठीशी कोण उभं राहिलं? माझा कृष्णवर्णीय मित्र फ्रँकलिन!” इथे आवाज कापरा करू?

सिबिल : जरासाच. मागच्या ब्लॅक हिस्टरी मंथच्या भाषणात तू रडलास, तर अख्खा पॅरिश हॉल समोशांकडे वळला.

सेसिल : “फ्रँकलिनने त्याच्या युनियनमधल्या गोऱ्या पोरीला फोन करायला लावला. जागा आहे का? मालक म्हणतो, आहे की, या! तिथेच सापडला लबाड. बंधुभगिनींनो, या कृष्णवर्णीयांनी आधी मार खाल्ला, म्हणून आपल्याला दारं उघडली. आज नॉर्थ यॉर्कमध्ये माझं स्वतःचं घर आहे, आणि त्याचं दार—”

(बेल वाजते.)

सिबिल : बेसमेंट भाड्याने घेणारा आला बघ. हेरॉल्ड लोपीस.

सेसिल : आपला नंदाखालचा! फोनवरच ओळखला मी. म्हणे, आजोबा चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. लोपीस आणि वर व्हायोलिन, म्हणजे वसईच. मी तर सांगून टाकलं, जुन्या जागेची नोटीस दे, ही जागा तुझीच समज.

सिबिल : सेसिल, दारावरच्या कॅमेऱ्यात बघ.

सेसिल : हा कोण काळा? पार्सल असेल.

सिबिल : पार्सलवाला टाय लावून, पोरीचा हात धरून येतो?

सेसिल : अगं, पण लोपीस!

सिबिल : पोर्तुगीज काय फक्त वसईलाच उतरले होते?

सेसिल : मला काही नाही गं. पण शेजारीपाजारी... आणि तुझी आई समरला राहायला आली तर?

सिबिल : आई गेल्या ईस्टरला वारली.

सेसिल : मी तत्त्वाचं बोलतोय.

सिबिल : मग ताटकळत ठेवू नकोस. बर्फ पडतंय, पोर गारठेल. पटकन दार उघड नि नाही म्हण.

हेरॉल्ड : गुड मॉर्निंग, सर! हेरॉल्ड, फ्रॉम द फोन. अँड धिस इज एला.

सेसिल : ओह, हेरॉल्ड! सो सॉरी. बेसमेंट इज जस्ट गॉन.

हेरॉल्ड : गॉन? सर, यू टोल्ड मी टु गिव्ह नोटीस. आय गेव्ह इट.

सेसिल : आय नो, आय नो. गॉड ब्लेस यू.

हेरॉल्ड : ...आय सी. कम, एला.

सिबिल : गेला?

सेसिल : गाडीत बसून फोन करतोय कुणाला तरी. पोरीने मला टाटा केला गं. गोड आहे.

सिबिल : भाषणात घाल. आणि तुझा फोन वाजतोय, घे.

सेसिल : हॅलो?

डिम्पल : नमस्ते अंकल, मैं डिम्पल. बेसमेंट का ॲड देखा. खाली है क्या?

सेसिल : हाँ बेटा, बिलकुल खाली है! इंडिया में कहाँ से?

डिम्पल : अंबाला. पक्का खाली है ना? किसी को दिया तो नहीं?

सेसिल : अरे नहीं, किसको देंगे? आज ही आ जाओ!

डिम्पल : थँक्यू अंकल. हेरॉल्ड भी लाइन पर है, मेरे ऑफिसवाला. उसको हिंदी नहीं आती. आप ही इंग्लिश में बता दीजिए.

(सेसिल फोन ठेवून देतो.)

सिबिल : सेसिल? फोन का ठेवलास?

सेसिल : पेन दे. तो फोनचा किस्सा गाळतो.

सिबिल : का? तोच तर चांगला होता.

सेसिल : भाषण लांबतंय.