बिनकांद्याचा एक डबा

सिंगापुरात टॅम्पिनीसच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची पुतणी उभी होती. दोघे मराठीत बोलत होते, म्हणून कानावर आले.

“शिरीषकाका, टेंडर मोठ्या कंपनीला गेलं. पण छोट्या धंद्याला वाटा द्यायची अट आहे, म्हणून पोटकंत्राट तुम्हाला देतायत.”

“जाई, अकरा वर्षं स्थानबद्धता केंद्रात मीच शाकाहारी जेवण पुरवलं. आता त्यांच्या यादीतलंच शिजवायचं?”

“यादी ठरलेली आहे, बदलता येत नाही. कॅनॉट चेंज, लाह!”

“आणि डबे?”

“वापरून फेकायचे. घासायची कटकट गेली तुमची.”

“म्हणजे परत येणार नाहीत.”

“कशाला हवेत?”

“त्यात एक डबा बिनकांद्या-लसणाचा असतो. महिन्यातून दोनदा तो न उघडताच परत यायचा. शेवटी मी पंचांग काढून पाहिलं.”

“एकादशी?”

“हो. तेव्हापासून त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी पाठवतो. डबा रिकामा येतो, विसळलेला.”

“कोण आहे तो?”

“विचारायचं नाही, असं कंत्राटात लिहिलंय. घरी मी एकटाच. मीही एकादशी धरायला लागलो.”

“अहो, मग नव्या कंपनीला सांगा ना.”

“सांगितलं. एका माणसासाठी वेगळं काही करता येत नाही म्हणाले. पुढची एकादशी कधी आहे गं?”

“थांबा, फोनवर बघते. गुरुवारी. नवं कंत्राट बुधवारपासून.”

“गुरुवारी तो जेवला की उपाशी राहिला, मला कळायचं नाही.”

“मग पोटकंत्राट नको म्हणून सांगू?”

“नको. शिजवणारा मी असलो, तर निदान त्याच्या डब्यात कांदा तरी घालणार नाही. सही कुठे करायची?”