हलकं वेगळं, हलक्यातलं वेगळं

मंडळी, ऐका! आज देवापुढं एकच सवाल घेऊन उभा आहे. साधा आहे, पण घशात अडकेल असा आहे. सांगा बघू — माणसानं या जगात भारी व्हावं, की हलकं व्हावं?

हां! काय म्हणालात मनातल्या मनात, ते ऐकू आलं मला. भारी! पोराला नोकरी भारी, पोरीला स्थळ भारी, लग्नातलं जेवण भारी! आणि हलकं म्हटलं की तोंड वाकडं. हलक्या कानाचा माणूस, हलक्यातलं लुगडं, हलक्यातला माल! पेटीवाले काका, तुम्हीपण मान डोलावलीत? डोलवा, डोलवा. गोष्ट संपल्यावर कुठल्या बाजूला डोलवता ते बघू.

तर तळीवाडी नावाचं एक गाव. चारी बाजूंनी डोंगर, मधे खोलगट जागा, आणि त्या खोलगटात वाडी. हिरवंगार! पाणी मुबलक, हवा थंड, माणसं प्रेमळ. सगळं आहे — पण फोनला रेंज नाही! फोनवर एक काडी दिसली तर माणसं एकमेकांना बोलावून दाखवत. आता काड्या घालणारे गावात कमी होते का? मुळीच नाही! पण त्या काड्या वेगळ्या.

या वाडीत राहायचे हिंदुराव खोत. सगळे त्यांना तात्या म्हणत. माणूस लाख मोलाचा, पण एक खोड. वस्तू घ्यायची तर भारीच! आणि भारी आहे हे ओळखायचं कसं? तळहातावर धरायची आणि वजन बघायचं. घागर घेतली — जड पाहिजे. कुलूप घेतलं — जड पाहिजे. अहो, घड्याळ घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला म्हणाले, “हे नको, मनगटाला कळतसुद्धा न्हाई!” आता घड्याळ वेळ कळायला घ्यायचं का मनगटाला कळायला? पण तात्यांना विचारणार कोण?

तात्यांची सून स्नेहल. शिकलेली, चुणचुणीत, आणि सासऱ्याची लाडकी. पुण्याच्या एका प्रकाशनाकडं तिनं अर्ज केलेला. मुलांच्या पुस्तकांतल्या चुका तपासायचं काम, घरबसल्या करायचं. त्यांचा निरोप आला — सोमवारी सकाळी मुलाखत, लॅपटॉपवर, समोरासमोर दिसून बोलायचं. घरात आनंदीआनंद! पण रात्रीच्या जेवणाला मुलगा रणजित हळूच म्हणाला, “तात्या, हे जमलं तर झ्याक. न्हाई जमलं तर आम्ही तिघं पुण्याला जातो. दोघांनी कमावल्याशिवाय आता भागत न्हाई.”

तिघं म्हणजे कोण? रणजित, स्नेहल आणि गार्गी — तात्यांची नात. जी सकाळी आजोबांच्या मिशीला धरून त्यांना उठवायची! तात्यांचा घास हातातच राहिला. मंडळी, पोरगं गेलं तर माणूस कसंबसं सोसतो हो. पण नात गेली, की घराची भिंत न् भिंत खायला उठते.

तात्या म्हणाले, “नेट पाहिजे न्हवं? मी आणतो!”

स्नेहल म्हणाली, “मामा, रेंज येते तिथं जाऊन माझ्या फोनवरनं लॅपटॉपला नेट देता येतं, पण फोन जुना झालाय. दहा मिनिटांत तव्यासारखा तापतो आणि बंद पडतो. आपल्याला हॉटस्पॉट लागंल.”

आतून सासूबाई, म्हणजे अनसूयाकाकू, ओरडल्या, “हाय की गं घरात! चपात्या ठेवतो त्योच न्हवं?”

काकू, तो हॉटपॉट! त्यात चपात्या गरम राहतात. ह्यात डोकं गरम होतं!

झालं, तात्या निघाले तालुक्याला. मोबाइलचं दुकान होतं शबाना शिकलगार हिचं. तात्या पायरीवरूनच गरजले, “पोरी, हॉटस्पॉट दाखव. पण एक सांगतो, आमास्नी हलक्यातलं न्हाई चालायचं. भारी दाखव!”

शबानानं विचारलं, “दाखवते की तात्या. पण तुमच्या गावात रेंज कुठं येते?”

“ते तुला काय करायचं? भारी दाखव.”

“बरं, वापरणार कुठं? घरात का बाहेर?”

“अगं, घर हाय आमचं! बाहेर कशाला बसू? भारी दाखव म्हटलं न्हवं?”

काय मंडळी, वैद्य नाडी बघायला हात मागतोय, आणि रोगी म्हणतोय, हात कशाला, सगळ्यात महागाचं औषध द्या! आपण डॉक्टरकडं असंच करतो की नाही? मागं बसलेल्या आक्का हसल्या — म्हणजे करतो!

शबानानं समोर दोन-चार ठेवले. एक होता तळहाताएवढा, साबणाच्या वडीसारखा. तात्यांनी उचलला, वजन केलं, खाली ठेवला. “ह्यात काय हाय? वाऱ्यानं उडंल!” मग दिसला मोठा! डब्याएवढा, वर चार शिंगं, सोबत विटेएवढं चार्जर. तात्यांनी तळहातावर घेतला — हात खाली गेला! चेहरा खुलला! शबाना म्हणाली, “तात्या, हा भिंतीला लावून ठेवायचा असतो. विजेवरच चालतो.” तात्या उखडले, “आमच्याकडं वीज न्हाई वाटलं का तुला?”

आणि आणला! अनसूयाकाकूंनी हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला. भिंतीत प्लग खुपसला. बटण दाबलं — आणि लागला की हो दिवा! लाल!

“लाल दिवा!” तात्या म्हणाले. “मंत्र्याच्या गाडीला असतो तसला. बघितलंस, भारी म्हंजे भारी!”

स्नेहलनं मान खाली घातली. “मामा, लाल दिवा म्हंजे रेंज न्हाई.”

कशी असेल हो? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! डब्यानं रेंज तयार होत नाही, महाराज. डबा फक्त आलेली रेंज घेतो. तळीवाडीच्या त्या खोलगटात ती येतच नव्हती, मग शिंगं चार असोत की चाळीस!

आता तळीवाडीत रेंज कुठं यायची? वर खिंडीत. म्हसोबाच्या चौथऱ्यावर! अख्खा गाव फोन करायला तिथं चढायचा. लोकं म्हणायची, देवाला जातो. देवाला कसले, फोनला! म्हसोबाच्या कानावर गावातली सगळी भांडणं पडलेली. तात्यांना आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धोंडा घेतला डोक्यावर आणि चढले खिंड. घाम! धाप! चौथऱ्यावर डबा टेकवला, वायर हातात घेतली, आणि देवाच्या भोवती फिरायला लागले. एक प्रदक्षिणा, दुसरी प्रदक्षिणा —

तिथं दगडू गुरव उभा होता, माहेरी गेलेल्या बायकोशी बोलत. त्यानं विचारलं, “तात्या, नवस फेडताय व्हय?”

“न्हाई रं. प्लग बघतोय.”

“तात्या! म्हसोबानं अजून मीटर घेतलेला न्हाई!”

हसताय! हसा. पण तात्या हसले नाहीत, मंडळी. तात्या चौथऱ्यावर बसले. खाली वाडी दिसत होती. आपलं घर दिसत होतं. अंगणात एवढीशी गार्गी कोंबडीमागं धावत होती. घरी वीज होती, रेंज नव्हती. इथं रेंज होती, वीज नव्हती. आणि मधे तो भारी डबा, दोन्हीकडं बिनकामाचा. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती दुकानातली पोरगी काय विचारत होती? ‘रेंज कुठं येते?’ एवढंच तर विचारत होती! आपण तिचं ऐकून घेतलं असतं तर? भारी वस्तू मागता मागता आपणच किती भारी होऊन बसलो!

उठले. डबा उचलला. तडक तालुका! दुकानात दुपारची गर्दी. तात्या पायरीवर थांबले. पाय उचलेना. अहो, डोंगर चढणं सोपं असतं, पण काल ज्या पायरीवर गरजलो ती पायरी आज चढणं — विचारा जे चढलेत त्यांना!

तात्या म्हणाले, “पोरी, माझं चुकलं. मला हलक्यातलं दे.”

शबाना गोड हसली. म्हणाली, “तात्या, हलकं वेगळं आणि हलक्यातलं वेगळं! जे सोबत येतं ते हलकं. जे ऐन वेळी दगा देतं ते हलक्यातलं. तुम्हाला हलकं पाहिजे.”

वा! वा! हे वाक्य पदराला बांधा, बायांनो. धोतराच्या सोग्याला बांधा, बाबांनो. पँटवाल्यांनी खिशात ठेवा!

मग तिनं डबा परत घेतला. म्हणाली, “ह्याला कुंकू लागलंय की.” तात्या म्हणाले, “असू दे, सवाष्ण हाय ती!” आता हसले सगळे, तात्यासुद्धा. मग ती म्हणाली, “आता सांगा, खिंडीत कुठल्या कंपनीची रेंज चांगली?” तात्यांना काय ठाऊक! पण त्यांनी दगडूला फोन लावला. दगडू कुठं असणार? अजून बायकोच्या विनवण्या करत तिथंच! त्यानं सांगितलं, “तात्या, माझ्या कार्डाला सगळ्या काड्या भरत्यात.” झालं, त्याच कंपनीचं कार्ड घेतलं. आणि डबी घेतली तीच, साबणाच्या वडीएवढी. रात्री चार्जिंगला लावायची, दिवसभर पुरते. चालेल तिथं न्यायची.

सोमवार उजाडला. म्हसोबाच्या चौथऱ्यावर चटई, पालथ्या घमेल्यावर लॅपटॉप, समोर स्नेहल. डबीवर हिरवा दिवा! पडद्यावर पुण्याच्या बाई दिसल्या, बोलणं सुरू झालं, आणि पाच मिनिटांत बाईंचं तोंड उघडं ते उघडंच! हलेना! डबी ठेवली होती देवाच्या मागं, आडोशाला. तात्यांनी झडप घातली, डबी तळहातावर घेतली, हात उंच केला — आणि बाई पुन्हा बोलायला लागल्या!

मग काय! तात्या तसेच उभे. हात वर. मुलाखत चालू. दगडू कुजबुजला, “तात्या, मी धरू?” तात्यांनी नुसती मान हलवली. शेवटी बाईंनी विचारलं, “स्नेहल, तुमच्या मागं हात वर करून कोण उभं आहे?”

स्नेहलनं मागं वळून बघितलं. “माझे सासरे आहेत, मॅडम. त्यांनी रेंज धरलीय.”

बाई म्हणाल्या, “अहो, इतका वेळ? काका, हात दुखेल तुमचा!”

आणि हिंदुराव खोत, जन्मभर जडच घेणारा तो माणूस, मोठ्यानं म्हणाला, “न्हाई बाईसाहेब! लई हलकं हाय!”

नोकरी लागली, मंडळी! स्नेहल घरी बसून पानं तपासते आणि संध्याकाळी खिंडीत जाऊन पाठवते. सोबत आजोबा, आजोबांच्या खांद्यावर नात, नातीच्या हातात डबी. कोण कुठं गेलं नाही. घर भरलेलं राहिलं.

आता तुमच्याकडं वळतो. जरा सावरून बसा! देवाची कृपा कमी पडते अशी तक्रार करता ना? रोज पूजा करतो, तरी दिवा लालच! अहो, कृपा खिंडीत भरपूर आहे, पण तुम्ही भिंतीला जुंपून बसलाय. मी मोठा, माझं खरं, मला विचारू नका, भारी दाखवा! चढणार कसे? आणि चढलात तरी तिथं मानाचा प्लग शोधत फिरणार! आज घरी जाल तेव्हा एकच करा. ज्याचं बोलणं मधेच तोडलं असेल — सून असेल, भाऊ असेल, शेजारी असेल — त्याच्या पायरीवर उभं राहा आणि तीन शब्द म्हणा. चौथा जोडू नका, ‘पण’ तर मुळीच नको! नुसतं म्हणा — माझं चुकलं बाबा.

आत्ता एवढ्या लोकांत कुणाचा तरी चेहरा डोळ्यांपुढं आला ना? मग टाळ थांबायची वाट बघू नका. तो माणूस इथंच बसला असेल तर आत्ताच उठून त्याच्याशेजारी जाऊन बसा. जागा होईल. आम्ही तोवर नाम घेतो.