दोन रेघांची पट्टी

शपथेवर सांगतो योगिताताई, यातला शब्दन् शब्द खरा हाय — म्हंजे, थोडं मीठ घातलंय, पर खोटं न्हाई. बसा की! रगत तपासायच्या पट्टीला पंधरा मिनिटं लागत्यात, तुमीच म्हणला. टक लावून बघितल्यानं रेघ लवकर उमटती का? न्हाई उमटत. माजी मनकर्णा तापानं आत गोधडीत पडलीय, पडू द्या.

तर नेकनूरच्या शिवारात एक मेंढपाळ होता, गहिनीनाथ — न्हाई हो, मी न्हाई, एका नावाचा एकच माणूस असतो का? त्याच्या बायकोला असाच थंडी वाजून ताप आला. तवा तुमच्या जागी वनमालाताई आशा वर्कर होत्या. त्यांनी तिचं बोट टोचलं, रगताचा थेंब पट्टीवर सोडला, पट्टी दगडावर ठेवली अन् पलीकडच्या पालावर दुसरा ताप बघायला गेल्या. राखणीला गहिनीनाथ. उठतो, बसतो, परत उठतो — हसताय कावून? — अन् उमटल्या की दोन रेघा! गडी लई खूश. कावून म्हणाल, तर त्याच्या कळपात लस टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर रंगाच्या दोन रेघा, राहिलेलीला एक. दोन म्हंजे काम फत्ते! पट्टी घातली खिशात, बायकोला बसवलं घोड्यावर, निघाला पाटोद्याकडं. वनमालाताई माघारी येतात तर पालच गायब! बाईनं स्कूटी काढली, चाळीस कोस पाठलाग — बरं, चार म्हणा — लेंड्यांचा माग काढत घाटात बरोब्बर गाठलं! गोळ्या चारल्या तवाच हलल्या. बायकोला तोवर धड डोळे उघडंनात. झाडाखाली टेकली अन् मला म्हणली, 'पाणी' — मला न्हाई, त्याला. त्याला म्हणली.

अशा काय बघताय?

बरं. मेंढ्यांच्या रेघांचं मी बनवलं. तसल्या रेघा आमी कधीच मारल्या न्हाईत. दोन उमटल्या म्हंजे हिवताप, हे वनमालाताई जाताना बजावून गेलत्या. पर पाटोद्याला एकाच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायची जबान दिलती मी, अन् पालात ताप हाय म्हणल्यावर कोण उभं करतं? म्हणून तिला म्हणलो, 'काई निघालं न्हाई, चल.' ती उठली. घोडं कुठलं हो — चालतच आली माज्या मागं.

झाली का पंधरा? थांबा, माज्याकडं नका देऊ ती. आत जा. तिला दाखवा.