मोठा हार

कोर्टात सरकारी वकिलांच्या दाराबाहेर एका बाकावर दोन बायका बसल्या होत्या. म्हातारीच्या मांडीवर फुलांची रिकामी पाटी होती.

"आज तारीख आहे का, मावशी?"

"नाय वो. इचारायला आले. माझ्या राजूला ज्यानं मारलं, तो जामिनावर सुटला. आमाला कुणी सांगितलंच नाय."

"असं कसं? जामीन द्यायच्या आधी तुमचं म्हणणं ऐकायला हवं होतं. तो हक्कच आहे तुमचा. माझ्या बहिणीच्या केसमध्ये आम्हाला नोटीस आली होती."

"आमाला नाय आली."

"मग कळलं कसं?"

"मी नदीच्या घाटावर फुलं इकते. सोमवारी दोन पोरं आली. म्हणली, मावशी, मोठा हार करा, आमचा भाऊ लय दिवसांनी घरी येतोय."

"अगं बाई!"

"मला वाटलं, मिलिट्रीत असंल. चांगला टपोरा झेंडू घेतला. मधी मधी गुलाब घातले, माझ्या मनानं."

"तुम्हाला काय माहीत, मावशी."

"दुपारी चौकात ढोल वाजला, म्हणून बघाया गेले. उघड्या जीपमधी उभा व्हता. तोंड नंतर दिसलं. आधी हार वळखला मी."

"रडू नका. पाणी घ्या."

"राजू गेला तवा माझे हातच चालंनात. त्याचा हार शेजारणीनं केला व्हता."