बिजल्याचे कापलेले कान

—खुर्ची नका ओढू, उभ्यानंच बोला. सूनबाईनं बोलावलं व्हय तुम्हाला? प्रांजलीनं? लग्न होऊन दोन महिने झाले, सासूशी धड बोलत नाय, आन् इमेवाल्याशी फोनवर तासभर बोलती — बरंय. कुत्र्याचा इमा. देवगावात सांगितलं असतं तर मेंढरंबी हसली असती.

मला सांगा, वर्षभर तुम्हाला भरायचं आन् बिजल्या धडधाकट राहिला तर? परत देता का? नाय ना. मग आमचा डबा काय वाईट? मेंढरू विकलं की त्यात चार नोटा, बिजल्याचं दुखलं-खुपलं तर त्यातून. आमचे मालक होते तवाची रीत. ते गेले, मेंढरं गेली, मी हितं बजाजनगरात लेकाच्या खोलीवर आले, तरी डब्याला हात लावला नाय कधी — काय? आता त्यात काय हाय? कायबी नाय. लग्नात उघडला. सुनेच्या हातात पाटल्या नकोत? भावकी काय म्हणंल? डबा बिजल्याचा होता हे तिला कुणी सांगितलं काय माहीत. ती बघा दाराआड, बघत नाय असं दाखवून बघती.

तर लिवा. आधीचं दुखणं? काय म्हणता, आधीचं असलं तर छदाम नाय? मग नाय त्याला काय. प्रांजलीनं बजावलंय मला — म्हंजे, विचारलं होतं तिनं. नायच.

फोटो लांबूनच काढा. तो माणूस बघून चावतो. — जुनी जखम? कानाची? खोडा ते. कान आम्हीच कापलेत त्याचे, पिल्लू होता तवा. धनगराच्या कुत्र्याला कान ठेवत नाहीत, लांडगा पयला तिथंच धरतो. तुम्ही लांडगा चित्रात बघितला असंल. जखम म्हणे. कान लई झ्याक हायेत त्याचे, गल्लीत मांजर चाललं तरी उठतो. म्हंजे उठायला बघतो. दुखणं हाय ते मागच्या पायात, दिवाळीपास्नं टेकवत नाय, डॉक्टर आपरेशन म्हणतो, त्याच्यापायीच तर तुम्हाला घरात—

बोट का थांबलं तुमचं? लिवा की.

असं. मग बसलाय कशाला? उभेच हाय व्हय, तेच बरं. चपला त्या बाजूला. जिन्यात पाय जपून टाका, तुमचा इमा असंलच म्हणा.

प्रांजली, तोंडावरचा हात काढ. बोलले मी, झालं. — हे काय करतीस? नव्या नवरीनं पाटल्या उतरवायच्या नसत्यात, तुझ्या आईनं शिकवलं नाय का?

दोन्ही नको.

एकच काढ.