भोंग्याची वायर

कोकणातल्या नांदगाव स्टेशनात गाडी उशिरा येणार होती. त्याच गाडीची वाट पाहत जप करणाऱ्या तेरेझाबाईंच्या शेजारी आचऱ्याचे मच्छीमार रामचंद्र तांडेल पुण्याला परतणाऱ्या लेकीबरोबर, उर्वशीबरोबर, बसले होते.

"तुझा काम काय तां तरी सांग गो."

"बाबा, आमचो प्रोग्राम तपासूक दुसरो प्रोग्राम असता. चूक दिसली की तो इशारो देता. कधी उगाच देता, तेव्हा आमी प्रोग्रामात एक ओळ घालतंव, 'हयसर गप रव'."

"मगे?"

"मगे कारण मिटता, पण ओळ तशीच रवता. अश्यो जुन्यो ओळी मी काढतंय."

"रवल्यो तर काय बिघडता?"

"उद्या थयसर खरीच चूक झाली, तरी तो गपच रवतलो."

रामचंद्रांना आपली होडी आठवली.

"होडयेच्या इंजिनाचो, ऑइल कमी झाल्यार वाजणारो भोंगो उगाच वाजत होतो, म्हणान मी वायर काढलंय. गेल्या वर्षी नवो भोंगो बसवलो."

"आणि वायर?"

"ती काय जोडूक नाय. विकीक फोन लाव."

तिने आपल्या फोनवरून भावाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन बाबांच्या हातात दिला.

"विकी, होडी भायर काढलंस?"

"आता निघतंव."

"आधी भोंग्याची वायर जोड आणि इंजिन चालू कर."

थोड्या वेळाने इंजिनाची धडधड आली आणि तिच्यावर कर्कश भोंगा. तो थांबेना.

"बाबा, ह्यो परत उगाच वाजता. काढू वायर?"

"नको. इंजिन बंद कर, ऑइल बघ."

तेरेझाबाईंनी जप थांबवून फोनकडे कान दिला.

"बाबा, ऑइल तळाक गेला हा."

गाडी फलाटाला लागली.

"फोन दी, बाबा."

"रव जरा. तो ऑइल घालता आसा. परत इंजिन चालू केल्यार भोंगो गप रवलेलो माका ऐकूक होयो."