पळपुट्याचा शिक्का

(मोसुल. तिघंही आपापल्या घरी, ऑनलाइन लढाईच्या खेळात, कानांना हेडफोन. सव्वापाच वाजलेत. बगदादच्या स्पर्धेची नोंदणी सहाला बंद होणार.)

अन्मार : आलात परत? या, या, पळपुटे सरदार!

मिक्दाद : पळालो नाही. वीज गेली.

अन्मार : ऐकलंस, सिनान? वीज गेली म्हणे. अख्ख्या मोसुलात ह्याच्या एकट्याचीच गेली.

सिनान : पाचला सगळ्यांचीच जाते, अन्मार. गल्लीचा जनरेटर सुरू व्हायला दहा-बारा सेकंद लागतात. आपल्याकडे बॅटऱ्या आहेत म्हणून आपण खेळात टिकतो, त्याच्याकडे नाही.

अन्मार : तू मध्ये पडू नकोस. कप्तान मी आहे. मिक्दाद, तुझ्या नावापुढं खेळानं काय शिक्का मारलाय? वाच मोठ्यानं.

मिक्दाद : ‘पळपुटा’. एक दिवस खेळबंदी.

अन्मार : वा! वाचता येतं की. मला वाटलं, भट्टीवर समूनचे पाव भाजणाऱ्यांना नुसती राखच ओळखता येते.

मिक्दाद : तुमच्या संघाची नियमावलीपण वाचली मी. चार पानं. त्यातली तीन नुसती नवख्यानं कुणाकुणापुढं मान खाली घालायची त्याचीच आहेत.

अन्मार : घालायचीच! नऊ वर्षं बोटं झिजवलीत आम्ही ह्या खेळात. नवखा म्हणजे आमचं पायपुसणं. पाय पुसून झाले की घेतो आम्ही त्याला घरात.

मिक्दाद : पायपुसण्याला कुणी घरात घेतलेलं मी तरी बघितलं नाही.

अन्मार : जीभ बरी चालते. तेवढा हात चालला असता तर...

सिनान : हातही चालतो. मघाशी तू पूर्वेच्या दारात मेलास, ते दार ह्यानं एकट्यानं धरलं. वीज जाईपर्यंत.

अन्मार : मेलो नव्हतो मी. त्यांना आत ओढत होतो.

मिक्दाद : मरून?

अन्मार : गप! हे बघ, वेळ थोडा आहे. आमचे चारच जण आहेत, पाचवा तू होऊ शकतोस. तीनदा म्हण, ‘मी पळालो, कप्तान, चुकलो.’ तीनदा. की तुझं नाव फॉर्मात.

मिक्दाद : आधी एक सांगा. तीन डाव खेळवून बघू म्हणालात. दोन चारच्या आत उरकले. तिसरा मात्र बरोबर पावणेपाचला लावलात. का?

अन्मार : माझी मर्जी.

सिनान : मुद्दाम.

अन्मार : सिनान!

सिनान : मुद्दामच, मिक्दाद. येईल त्या नवख्याचा तिसरा डाव पावणेपाचला. वीज जाते, तो फेकला जातो, शिक्का बसतो. मग हा त्याला माफी मागायला लावतो. जो मागत नाही त्याला हाकलतो. ह्या वर्षात सात हाकलले.

अन्मार : सात कचरे! एक तर रडला होता. आवाज चोरून रडत होता, पण मला ऐकू आलं. असल्यांना घेऊन बगदादला जायचं?

सिनान : त्या सातांतले तिघं आज बसऱ्याच्या संघात आहेत. गेल्या महिन्यात आपल्याला धुतलं ते त्यांनीच.

मिक्दाद : सिनानभाऊ, तुम्ही मागितली होती?

सिनान : हो.

मिक्दाद : वीज गेल्याची माफी?

सिनान : अकरा दिवस, रोज. बॅटरी घ्यायची ऐपत नव्हती. रोज पाचला पडायचो, रोज मागायचो. एकवीस वर्षांचा होतो. वाटायचं, आत घेतलं की आपण कुणीतरी होऊ.

अन्मार : आणि झालासच! उपकप्तान कुणी केलं तुला?

सिनान : उपकप्तान म्हणजे काय, तुझी ती चार पानं टाईप करणारा.

अन्मार : आज फार बोलतोयस. मिक्दाद, चाळीस मिनिटं राहिली. माग.

मिक्दाद : नाही.

अन्मार : एकदाच माग चल. सवलत दिली तुला.

मिक्दाद : माझा मालक तोंडाचा घाणेरडा आहे. पण समून करपला तर आधी भट्टीची आच बघतो, मगच शिव्या देतो. तुम्ही स्वतः आच वाढवता आणि वर ‘करपलास कसा’ म्हणून विचारता. सिनानभाऊ, उद्या माझा शिक्का उतरेल. खेळायला बोलावलंत तर येईन. माफी मागायला नाही. पीठ मळायचं राहिलंय माझं, जातो.

अन्मार : गेला! बघितलास माज? पीठ मळतो आणि रुबाब सुलतानाचा. जाऊ दे. नाहीतरी यंदा बगदादला नकोच. पुढच्या वर्षी जाऊ.

सिनान : ईदनंतर माझं लग्न आहे. मग दिवसभर सासऱ्यांच्या टायरच्या दुकानात. पुढचं वर्ष नाही मला. नऊ वर्षं बगदादच्या त्या मंचावर एकदा बसायला मिळावं म्हणून तुझं ऐकत आलो.

अन्मार : मग मी काय करू? पाच नावं तरी आहेत का?

सिनान : आहेत. तुम्ही भांडत होतात तेव्हा फॉर्म भरला मी. मी, आपले हारिथ आणि बक्र, मिक्दाद.

अन्मार : न विचारता? त्या भट्टीवाल्याला, माफीशिवाय? ...बरं. तुझ्या लग्नाचा आहेर समज. आणि पाचवा मी.

सिनान : पाचवा लुऐ.

अन्मार : कोण लुऐ? आपला लुऐ? जर्मनीत बसलाय तो! तिथून त्याचा प्रत्येक वार उशिरा पोचेल!

सिनान : पोचू दे. अंतिम फेरीत गेलो तर विमानानं बगदादला येतो म्हणाला.

अन्मार : अरे, त्या उशिरापायीच तर त्यानं संघ सोडला!

सिनान : असं तू सांगत होतास सगळ्यांना.

अन्मार : ...सिनान.

सिनान : बोल.

अन्मार : काय म्हणाला तो?

सिनान : आधी नाहीच म्हणाला. मग विचारलं, अन्मार आहे का यादीत? नाही म्हटल्यावर हो म्हणाला.